मोराचं म्हणणं

मोर आनंदाने नाचतो असं मी मुलांना शिकवायचं आणि मोराने फाटकाबाहेर उभं राहून ते खोडून काढायचं, हेही या वयात बघायचं राहिलं होतं. निवृत्तीला टेकलेल्या बाईला खिचडी वाटू द्यावी, नाकं पुसू द्यावीत, पोरांची वजनं करू द्यावीत. पण नाही. माझ्याच पोटच्या पोरीने ते बोलणारं खोकं आणून माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर ठोकलं.

आमचा टाकळमळा जुन्नरच्या पट्ट्यात, कालव्याच्या कडेला आहे. चारी बाजूंनी ऊस. उसात बिबटे, बांधावरच्या बाभळींवर मोर आणि मधे पत्र्याच्या छपराची अंगणवाडी. मी उज्ज्वला औटी, इथली सेविका. लंकाताई मदतनीस. ती खिचडी शिजवते, मुलांना घरून आणते, परत पोचवते आणि दिवसभर कुणावर ना कुणावर वैतागलेली असते. बिबट्याचं इथे कुणाला नवल नाही. लोक अंधार पडायच्या आत गुरं बांधतात, मुलांना एकटं सोडत नाहीत, आणि तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मळ्यातून वाईट बातमी येतेच. आपल्या मळ्यातून येऊ नये एवढंच जो तो बघतो.

माझी मुलगी तनिष्का, घरात तनू, पुण्यात एका कंपनीत होती. पक्ष्यांच्या आवाजांवर काम करायची. खोक्याचं शास्त्र तिने मला इतक्यांदा समजावलं की आता मी झोपेतही सांगेन. बिबट्यांवर लक्ष ठेवायला उसाच्या कडेकडेने कॅमेरे आणि माइक लावलेले होते. त्यांत वर्षानुवर्षं साठलं काय, तर मोरांचं ओरडणं. तनूच्या कंपनीने ते सगळं घेतलं आणि यंत्राला एकच काम दिलं. मोर असा ओरडला, तर त्यानंतर काय घडलं ते बघ. कुत्रं निघालं, माणूस निघाला की बिबट्या निघाला. लांडोर जवळ आली की पाठ फिरवून गेली. लाखो वेळा बघितल्यावर यंत्राच्या लक्षात आलं की बिबट्या दिसल्यावरच्या ओरडण्याचा शेवट निराळा असतो. नेहमीचा लांब सूर मधेच तुटतो आणि मागून दोन आखूड आवाज येतात, दाराची कडी दोनदा आपटल्यासारखे.

शिवाय मोर पिसारा थरथरवतो ना, तेव्हा त्यातून एक फार खालचा आवाज निघतो. इतका खालचा की माणसाच्या कानाला तो पोचतच नाही. लांडोरीला पोचतो, तिच्या डोक्यावरचा तुरा त्याने हलतो. तो आवाजही खोक्याला कळायचा. तनू मला बजावून सांगायची की खोकं मोराची भाषा जाणत नाही. या आवाजानंतर बहुतेक वेळा काय होतं, तेवढंच ते माणसाच्या शब्दांत सांगतं. शब्द आपले असतात, आई, ते आपणच घालतो, असं ती म्हणाली होती. तेव्हा खिचडी खाली लागत होती म्हणून मी नुसतं हूं केलं.

पावसाळ्यात खोकं बसलं. पहिल्या आठवड्यातच मोर फाटकाबाहेर पिसारा फुलवून उभा राहिला आणि भिंतीवरून एक सपाट पुरुषी आवाज बोलायला लागला. ‘मी. इकडे बघ. तो नको. मी.’ मुलं हसून हसून सतरंजीवर लोळली. दाणे टाकले की मोर एकमेकांच्या अंगावर जायचे आणि खोकं म्हणायचं, ‘सरक. माझं आहे.’ झालं, जेवायला बसलं की मुलंही एकमेकांना ढोसायची, सरक, माझं आहे. लंकाताई म्हणाली, माझा नवरा घरी एवढंच बोलतो, त्याला कुठलं खोकं लागत नाही.

आणि कधीतरी बाभळीवरून तो तुटका आवाज यायचा. मग खोकं बोलायचं, ‘बिबट्या. वर चढा. बिबट्या.’ मी मुलांना सांगितलं, आपल्याला झाडावर चढता येत नाही, आपण आतल्या खोलीत पळायचं आणि कडी लावायची. खोक्याला मोरानंतर बोलायला एक श्वासभर उशीर व्हायचा. थोड्याच दिवसांत मुलं तेवढंही थांबेनाशी झाली. मोर ओरडला की हातातला घास टाकून आत. मागे कोण राहिलं ते न बघता कडी. एकदा लंकाताई बाहेरच राहिली आणि दारावर लाथा मारत सगळ्यांचा उद्धार करत बसली. बिबट्या उसातूनच निघून गेला होता. मी मात्र त्या दिवशी मनापासून खूश झाले. इतकी वर्षं शिकवतेय, पण एवढं पक्कं माझं काहीच कुणाच्या डोक्यात बसलं नव्हतं.

ऑगस्टात जिल्ह्यावरून मोठे साहेब आले. राष्ट्रीय प्रतीकांचा आठवडा होता. खोकं तेव्हा आमच्यासारख्या मोजक्याच अंगणवाड्यांत बसवलेलं, म्हणून बरोबर कॅमेरेवालेही होते. मी तक्ता लावला. मोर आपला राष्ट्रीय पक्षी, तो दिसायला सुंदर, तो आनंदाने नाचतो. मोरालाही नेमका तेव्हाच उत्साह आला. कुंपणाच्या भिंतीवर चढला, पिसारा उभारला, आणि खोकं सुरू झालं. मी. इकडे बघ. तो नको. मी. आमचा वेदू, पाच वर्षांचा, बाप सरपंचाच्या मागेपुढे फिरणारा. त्याने मोठ्याने विचारलं की बाई, मोर इलेक्शनला उभा आहे का? कॅमेरेवाले हसले. साहेब हसले नाहीत. जाताना मला एवढंच म्हणाले की राष्ट्रीय पक्ष्याने राष्ट्रीय पक्ष्याला शोभेल असंच बोललं पाहिजे.

मी म्हटलं, हो साहेब. आता या वयात कुणाशी भांडत बसू?

नंतर सूचना आली. राष्ट्रीय प्रतीकाची मर्यादा राखावी, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना भीती वाटेल असे शब्द वापरू नयेत. समिती नेमली. कंपनीत मराठी बरं असणारी माझीच मुलगी, म्हणून वाक्यं लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला ती फोनवर मला वाक्यं वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी हसायचो. ‘मी, इकडे बघ’चं झालं ‘मी भारताचा राष्ट्रीय पक्षी, पाहा माझा सुंदर पिसारा.’ ‘सरक, माझं आहे’चं झालं ‘आपण सारे वाटून खाऊ.’ मग हळूहळू तिचं हसणं कमी झालं. बिबट्याच्या वाक्यावरून ती समितीशी भांडली होती. त्यांचं म्हणणं, इशारा सेविकेच्या फोनवर जाईलच, मग लेकरांना कशाला घाबरवायचं? भांडून भांडून ती थकली आणि शेवटी लिहिलं, ‘मित्रांनो, इकडे लक्ष द्या.’

‘यात खोटं तर काही नाही ना, आई?’ तिने मला विचारलं होतं.

नाही गं, म्हटलं मी. खरंच मला तेव्हा त्यात खोटं दिसलं नाही.

जुना सपाट आवाजही गेला. समितीला दाखवायला म्हणून तनूने वाक्यं स्वतःच्या आवाजात भरली होती, ती सगळ्यांना इतकी गोड वाटली की तीच ठेवली. दिवाळीच्या सुमाराला भिंतीवरून माझी मुलगी बोलायला लागली.

आणि दिवाळी संपल्यावर तिची मुलगी माझ्याकडे राहायला आली. रेवा, चार वर्षांची. जावई बंगळुरूला, तनूच्या कामाला वेळकाळ नाही, आणि पुण्यातलं पाळणाघर बंद पडलेलं. तनूने तिला आणून सोडलं, तिची बॅग रिकामी केली, बराच वेळ अंगणात उगाच काहीतरी आवरत राहिली आणि रेवाचं लक्ष नाही असं बघून निघून गेली. अंगणवाडीत मी बाई आणि घरी आजी, हे रेवाने एका दिवसात आत्मसात केलं. दुसरंही एक आत्मसात केलं. जेवताना ती खोक्याच्या बरोबर खाली बसायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, मोर मम्मीच्या आवाजात बोलतो.

मी हे तनूला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ऐकू दे, दिवसा तरी ऐकेल मला. मी विषय बदलला.

ते जानेवारीत झालं. कालव्याच्या पलीकडे ऊसतोड चालू होती. ऊस पडायला लागला की आतला बिबट्या उठून दुसऱ्या उसात जातो, भर दिवसासुद्धा, आणि तो दुसरा ऊस म्हणजे आमच्या फाटकासमोरचा. हे मला माहीत होतं, सगळ्या मळ्याला माहीत होतं. मुलं ओसरीवर जेवायला बसली होती. लंकाताई धुण्याचं पाणी टाकायला बाहेर जाऊन आली होती आणि फाटक लोटलेलं होतं, अडकवलेलं नव्हतं. फाटकाबाहेर खांबाशी आमचा कुत्रा बंड्या ऊन खात पसरला होता. आणि मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर फोन वर धरून उभी होते.

कट्ट्यावर का, ते सांगते. रोजच्या जेवणाचा फोटो चढवावा लागतो, प्रत्येक मुलाचं तोंड आणि ताट दिसेल असा. रेंज फक्त टाकीपाशी मिळते. आणि फोटो चढत असेपर्यंत तो फोन दुसरं काही म्हणजे काही दाखवत नाही. चढला नाही तर त्या दिवशी मुलं जेवलीच नाहीत असं धरतात. म्हणून सगळ्या सेविका रोज जेवणाच्या वेळेला कुठल्या ना कुठल्या टाकीवर, माळ्यावर, नाहीतर दगडावर हात वर करून उभ्या असतात. देवाला नवस बोलल्यासारख्या.

मोर ओरडला. तो तुटका आवाज, मागून दोन आखूड. मी ऐकला. ऐकून मी फोनकडे बघितलं, कारण इशारा फोनवर येतो असं ठरलं होतं. फोनवर फोटोचं चक्र फिरत होतं. मग मी खोक्याकडे बघितलं, आणि खोक्यातून तनू अगदी प्रेमाने म्हणाली, ‘मित्रांनो, इकडे लक्ष द्या.’

मुलं ताटं टाकून आत पळाली होती. त्यांना खोक्याशी काही घेणं नव्हतं. ती पावसाळ्यात शिकली होती, रेवा त्यानंतर आलेली. एकटी रेवा उठून उलटी फाटकाकडे चालायला लागली, खिचडीचा हात तसाच, तोंडावर हसू. मम्मीने बोलावलं म्हणून.

मी उडी मारली. गुडघा गेला हे नंतर कळलं. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते आणि ती फाटक ढकलून बाहेर पाय टाकत होती. समोरचा ऊस हलला. काहीतरी पिवळं बंड्यावर पडलं, फाटकाला धडक बसली, रेवा खांबावर आपटली आणि बंड्याचा आवाज उसात आत आत गेला. एवढंच. लंकाताई हातात तापलेलं उलथनं घेऊन उसाच्या तोंडाशी उभी राहून शिव्या देत होती, आणि मी रेवाला छातीशी धरून जमिनीवर बसले होते. तिच्या कपाळाला खोक पडली होती. टाके पडले. बाकी पोर वाचली. बंड्या तिथे झोपला नसता तर काय झालं असतं, ते मी आजही मनात पूर्ण बोलत नाही.

चौकशी झाली. यंत्र ठरलेल्या वाक्याप्रमाणे बोललं, इशारा फोनवर वेळेत गेला, सेविकेने तो पाहिला नाही. म्हणून मला खुलासा मागितला. मी म्हटलं, फोटो चढत होता. ते म्हणाले, फोटोचा विभाग वेगळा. बिबट्याचं वाक्य बदलायचं का, यासाठी समितीची बैठक लावली आहे, तोवर आहे तेच वाक्य चालू ठेवा. मी ऐकून घेतलं. मला रागसुद्धा धड येत नव्हता, इतकी मी दमले होते.

रेवाला लागलं त्याच संध्याकाळी तनू आली ती राहिलीच. रेवाच्या उशाशी बसून होती. रेवाने डोळे उघडले, आईला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, ‘मोर खोटारडा आहे. त्याने तुझा आवाज चोरला.’ तनूने माझ्याकडे बघितलं. मी रेवाच्या अंगावर गोधडी सारखी केली आणि म्हटलं, झोप आता. खरं काय ते दोघींपैकी कुणीच तिला सांगितलं नाही. मोराने काय आमच्यावर दावा लावला असता? आमच्या वाटचा दोष घेतला त्याने.

टाके काढल्यावर रेवा पुन्हा अंगणवाडीत यायला लागली. पहिल्याच दिवशी तिने भिंतीवरच्या तक्त्यातल्या मोराचं तोंड काळ्या खडूने गिरवून टाकलं. मी रागावले नाही. वेदूने विचारलं, आपला राष्ट्रीय पक्षी कोण, तर म्हणाली, कोंबडी. तेही चाललं. पण दोन दिवसांनी बाभळीवरून तो आवाज आला, आणि सगळी मुलं आत पळाली, आणि रेवा ओसरीवर मांडी घालून शांतपणे जेवत राहिली. मी तिला बखोटीला धरून आत ओढलं. ती हातपाय झाडत म्हणाली, तो खोटं बोलतो, मी नाही ऐकणार त्याचं.

कडी लावून मी दाराला पाठ टेकून बसले. बाहेर काही नव्हतं बहुतेक. ही पोर या मळ्यात राहायची आणि मोराचं ऐकायची नाही. आम्हीच तिला हे शिकवून ठेवलं होतं.

घरी आल्यावर मी तनूला सांगितलं की रेवाला खरं सांगावं लागेल. तनू भाकऱ्या करत होती. म्हणाली, खोकं बिघडलं होतं असं सांगू. मी म्हटलं, आणि मग कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करून गेला, की ती पुन्हा खोक्याचंच ऐकेल, तुझाच आवाज आहे त्यात. तनूने तव्यावरची भाकरी उलटलीच नाही. ती म्हणाली की मी तिला सोडून राहते, आठवड्यातून एकदा तोंड दाखवते, एवढ्याशा पोरीला माझ्याबद्दल ठाऊक असं काय आहे? त्यात हे सांगू, की मम्मी खोटं बोलली, म्हणून तुला लागलं? ती काय धरून बसेल मनात, आई?

मला तिची कीव आली आणि संतापही आला. कीव गिळली, संताप तोंडातून निघाला.

‘तनू, तुला तिच्याजवळ तुझं नाव चांगलं राहायला हवंय, की ती राहायला हवीय?’

भाकरी करपली. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि आपल्याच लेकीला असलं बोलून माणसाला बरं वाटत नाही.

सकाळी ती माझ्याबरोबर अंगणवाडीत आली. मी आधी स्टुलावर चढून खोक्याची वायर ओढली. दुखऱ्या गुडघ्याने वर चढायचं म्हणजे डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण ते काम मला स्वतःच करायचं होतं. लंकाताईने खालून स्टूल धरलं आणि बंद झालं का म्हणून दोनदा विचारलं. मग मी तक्ता घेतला, तोंड गिरवलेल्या मोराचाच, आणि मुलांना गोल करून बसवलं.

मी त्यांना सांगितलं, हा आपला राष्ट्रीय पक्षी. नोटिशीत लिहिलंय तसं नाही, मला माहीत आहे तसं सांगते. तो नाचतो ते लांडोरीने आपल्याकडे बघावं म्हणून. जानेवारीत याचा पिसारा अजून पुरता वाढलेला नसतो, तेव्हा कुणी कितीही मोठे साहेब आले तरी तो नाचत नाही. दाण्यांवरून भांडतो, तुमच्यासारखाच. आणि त्याला बिबट्या दिसला की तो ओरडतो. आपल्यासाठी नाही ओरडत, त्याच्या माणसांसाठी ओरडतो. पण आपण त्याच्या शेजारी राहतो, म्हणून आपल्यालाही ते ऐकता येतं. यासाठी तो मला आवडतो. मुलं ऐकत होती. रेवा पाठ करून बसली होती.

तनू तिच्यासमोर जाऊन खाली बसली. सगळ्या मुलांसमोर. तिने रेवाला जवळ घेतलं नाही, तसं केलं असतं तर तिला पुढचं बोलवलं नसतं, हे मला दिसत होतं.

‘मोर खोटं बोलला नाही, रेवा. त्याने माझा आवाज चोरला नाही, मीच तो खोक्यात भरला. मोर बिबट्या म्हणत होता. मी ते बदलून दुसरंच सांगितलं.’

‘का?’

‘मोठ्या माणसांना मोराचं बोलणं आवडलं नाही म्हणून.’

रेवा म्हणाली, ‘म्हणजे तू खोटारडी.’

‘हो,’ तनू म्हणाली.

रेवा उठून लंकाताईच्या मागे जाऊन बसली. दिवसभर ती आईच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. तनूने वाढलेलं ताट तिने सरकवून दिलं, मग लंकाताईने वाढल्यावर खाल्लं. लंकाताई, जी कुणालाही सोडत नाही, ती त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. मी तनूकडे बघायचं टाळत होते. माझ्याच सांगण्यावरून तिने हे केलं होतं आणि तिची पोर तिच्या हातून निसटलेली मला समोर दिसत होती. बरोबर केलं का मी? मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी हो म्हणाले नसते.

घरी सोडायची वेळ झाली. मुलं दप्तरं अडकवून ओसरीवर रांगेत उभी होती. तनूने स्क्रू काढून खोकं भिंतीवरून उतरवलं होतं, कंपनीला परत पाठवायला. ते काखेत धरून ती अंगणात वायर गुंडाळत होती.

मोर ओरडला. लांब सूर मधेच तुटला आणि मागून दोन आखूड आवाज आले.

रांग मोडली. मुलं आत पळाली, लंकाताई पळाली, मीही लंगडत पळाले. माझ्या पुढून एक पिवळा फ्रॉक सुसाट आत गेला, तो रेवाचा. ती मोराचं ऐकून पळाली होती. मी देवाचं नाव घेतलं, दारातून आत शिरले आणि मागे वळून बघितलं.

तनू अंगणाच्या मधोमध उभी होती. हा आवाज तिने कानाला यंत्र लावून हजारो वेळा ऐकला होता. त्याच्या शेवटाचे दोन तुकडे तिनेच मला पहिल्यांदा समजावले होते. आणि ती मान वळवून भिंतीवरच्या स्क्रूंच्या रिकाम्या भोकांकडे बघत होती, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. खोकं तिच्याच काखेत होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं.

आत वेदूचा हात कडीवर गेला. मागे कोण राहिलं ते बघायचं नाही, अशीच सवय होती त्यांना. रेवाने दोन्ही हातांनी त्याचा हात धरून ठेवला, फटीत डोकं घातलं आणि ओरडली,

‘मम्मी, मोर खरं बोलतोय! आत ये!’

तनूने खोकं टाकलं आणि पळत आत आली. रेवाने कडी लावली.